गेममधल्या पात्रांचे टेडी दुकानात ठेवताय? माल उचलण्याआधी माझी चूक वाचा



माझ्या प्रशिक्षणाला आलेल्यांना माहीत आहे, टेबलाच्या कोपऱ्यावर एक पिवळा पिकाचू कायम बसलेला असतो. त्याला एकच डोळा आहे आणि पोट कात्रीने उभं कापलेलं आहे. दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हा असा का?" व्हिडिओत मी त्याची गोष्ट दोन मिनिटांत उरकली होती. आज सविस्तर सांगते, कारण गेल्या महिन्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: "गेममधल्या पात्रांचे टेडी खूप चालतात म्हणे, दुकानात ठेवू का?"

ठेवा. पण कसे निवडायचे ते आधी समजून घ्या.

माझी १८ हजारांची चूक

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. तारकर्लीत आमचं घरच न्याहारी-निवास आहे आणि पुढच्या पडवीत माझं दुकान. कोकम सरबत, काजू, टोप्या, टी-शर्ट, शिंपल्यांच्या वस्तू. बीबीए झालेली असल्यामुळे मला वाटायचं की मार्जिनचं गणित मला इतरांपेक्षा जास्त कळतं. मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे पोकेमॉनचे टेडी दिसले. एक नग १४० रुपयांना. १२० नग उचलले, १६,८०० रुपये झाले. वाहतूक १,२००. एकूण १८,००० रुपये, म्हणजे घरपोच एक नग १५० ला पडला. विकायचा ३५० ला. मी मनातल्या मनात मे महिना संपवूनसुद्धा टाकला होता!

पोती उघडल्यावर आये बघत राहिली. "गे, ह्या सगळा कोण घेतलो?" मी म्हटलं, "बघ तू, आठ दिवसांत संपतंय."

सुरुवात चांगली झाली. मग एक दिवस कोल्हापूरचं एक कुटुंब आलं. साधारण नऊ वर्षांच्या मुलाने पिकाचू उचलला, उलटा करून बघितला आणि बाबांना म्हणाला, "हा खोटा आहे. पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं नसतं." बाबा हसले, टेडी खाली ठेवला आणि ते निघून गेले. मी मोबाइलवर शोधून बघितलं. पोरगं बरोबर होतं. पिकाचूच्या कानांची टोकं काळी असतात. शेपटी पिवळीच, फक्त मुळाशी तपकिरी. पाठीवर दोन तपकिरी पट्टे. माझ्या मालात शेपटीचं टोक काळं होतं आणि पाठीवर पट्टेच नव्हते. जी वस्तू मी विकत होते, ती नऊ वर्षांच्या गिऱ्हाइकाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होती.

तरीही मी विकत राहिले. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

चार दिवसांनी आमच्याकडेच उतरलेल्या एका जोडप्याने दोन वर्षांच्या मुलीसाठी पिकाचू घेतला. संध्याकाळी आई टेडी घेऊन परत आली. एक डोळा जागेवर नव्हता. तो मुलीच्या मुठीत सापडला, तोंडापर्यंत पोचायच्या आधी. ती बाई ओरडली नाही, भांडली नाही. तिने तो काळा प्लॅस्टिकचा डोळा माझ्या काउंटरवर ठेवला. मी ३५० रुपये परत दिले. आये मागे उभी होती. ती गेल्यावर एवढंच म्हणाली, "तो डोळो पोराच्या घशात अडाकलो असतो तर? आता ह्यातलो एकव इकू नको."

तोपर्यंत २३ नग विकले होते, ८,०५० रुपये आले होते. परत दिलेले ३५० वजा केले की ७,७००. म्हणजे १०,३०० रुपयांचा सरळ तोटा. व्यापाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, गेलेला माल परत नाही." माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं, कच्ची पावती होती. बोलणार कुणाच्या जोरावर? उरलेला माल कुणाला फुकट द्यायचीही सोय नव्हती, कारण फुकट दिला तरी डोळा तोच. पोती माळ्यावर गेली आणि जुलैच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरली. एक पिकाचू मी कात्रीने उघडून बघितला. आत स्वच्छ फायबर नव्हतंच. कापडाच्या चिंध्या आणि स्पंजचे तुकडे. तोच हा टेबलावरचा.

पहिला प्रश्न: तुमचं गिऱ्हाईक नक्की कोण?

आपल्याकडे बहुतेक लोक कुठल्याही मऊ खेळण्याला 'टेडी'च म्हणतात. पण साधा टेडी मागणारा आणि 'स्क्विर्टल आहे का?' असं नावाने विचारणारा, ही दोन वेगळी गिऱ्हाइकं. पहिला रंग आणि किंमत बघतो. दुसरा पात्र बघतो. ते बरोबर असेल तर तो किमतीवर फारसा अडत नाही, आणि चुकीचं असेल तर निम्म्या किमतीतही नेत नाही.

हा दुसरा माणूस लहान मूलच असेल असं समजू नका. पोकेमॉनचे पहिले गेम, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला निन्टेंडोच्या गेम बॉयसाठी आले. आपल्याकडे तो गेम फार थोड्यांनी खेळला. माझ्या पिढीला पोकेमॉन भेटला तो टीव्हीवरच्या कार्टूनमधून. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे सुरू झाला आणि कॉलेजातली पोरं मोबाइल पुढे धरून रस्त्यावर फिरायला लागली. ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत, पगार घेतात आणि जोडीने तारकर्लीला येतात. माझ्या वहीप्रमाणे पोकेमॉन घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हेच लोक आहेत, स्वतःसाठी घेणारे.

तुमच्याकडचं गिऱ्हाईक आठ ते बारा वर्षांचं असेल तर कदाचित माइनक्राफ्ट जास्त चालेल, तिथला हिरवा चौकोनी क्रीपर. कुठे सोनिक चालेल, कुठे मारिओ. मालिका कुठलीही असो, पद्धत तीच. पंधरा दिवस काउंटरवर वही ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला, जोडप्याला सहज विचारा, "कुठला गेम आवडतो? त्यातलं कोण आवडतं?" लोक आनंदाने सांगतात. त्या वहीआधी एक रुपयाचाही माल उचलू नका. स्वतःच्या आवडीचं पात्र तर वहीत आल्याशिवाय अजिबात नको! मला स्वतःला जिग्लिपफ आवडते. ती माझ्याकडे दोन वर्षांत एकदाच विकली गेली.

गावाला शोभेल ते पात्र

मुंबईच्या मॉलमध्ये पिकाचू मिळतोच. मग तारकर्लीत येऊन कुणी तो का घ्यावा? याचं उत्तर मला जपानमधल्या एका उपक्रमात सापडलं.

पोकेमॉन कंपनी तिथे वेगवेगळ्या प्रांतांच्या पर्यटनासाठी एकेक पोकेमॉन जोडून देते. तोत्तोरी प्रांत वाळूच्या टेकड्यांसाठी प्रसिद्ध, म्हणून तिथे वाळूत राहणारा सँडश्रू. कागावा उदोन नावाच्या नूडल्ससाठी प्रसिद्ध आणि स्लोपोकचं जपानी नाव यादोन, म्हणून तिथे स्लोपोक. किनाऱ्यावरच्या मियागीला लाप्रास दिलाय, माणसांना पाठीवर बसवून समुद्र पार करून देणारा. पर्यटक जे बघायला आला, तेच पात्राच्या रूपात घरी घेऊन जातो.

मी वही समोर घेऊन बसले. आमच्याकडे लोक काय बघायला येतात? सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीने जातात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम बघतात. स्कूबा करून मासे बघतात. डॉल्फिन शोधतात. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वायंगणी-तांबळडेगला पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक जमतात.

म्हणजे माझी यादी तयारच होती. स्क्विर्टल म्हणजे कासव. लाप्रास म्हणजे होडी. मॅजिकार्प हा लाल मासा, पाण्याबाहेर फक्त फडफडणारा, आणि चाहत्यांना तो त्याच कारणासाठी प्रिय. सायडक हे डोकं धरून उभं असलेलं गोंधळलेलं बदक. हे चौघं आणि सोबत पिकाचू, कारण त्याच्याशिवाय दुकान उघडता येत नाही. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेट गेममध्ये फिनिझेन नावाचा डॉल्फिनही आहे. तो मला अजून मिळालेला नाही, शोधतेय.

कासवाची पिल्लं बघून आलेलं मूल दुकानात स्क्विर्टल बघतं, तेव्हा मला काही बोलावंच लागत नाही.

तुमचं दुकान महाबळेश्वरला असेल, जुन्नरला असेल, नाशिकला असेल, तर हाच प्रश्न स्वतःला विचारा. एक सावधगिरी मात्र बाळगा. पात्र विकायला ठेवणं वेगळं आणि दुकानाच्या पाटीवर पिकाचू रंगवून घेणं वेगळं. पात्राचं चित्र कंपनीच्या मालकीचं आहे. पाटीवर तुमचं नाव पुरे.

किती आणि केवढे?

पोकेमॉन तयार करणाऱ्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. त्यातूनच ही कल्पना निघाली: पकडायचे, जमवायचे, मित्राशी अदलाबदल करायची. पहिल्या गेममध्ये १५१ पोकेमॉन होते आणि रेड व ग्रीनमध्ये काही वेगवेगळे ठेवले होते, म्हणजे मित्राशी अदलाबदल केल्याशिवाय संच पूर्ण होऊ नये. या मालिकेच्या चाहत्याच्या मनात ही गोळा करायची ओढ असतेच.

दुकानदाराने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, एकाच पात्राचे वीस नग ठेवण्यापेक्षा सहा-सात पात्रांचे चार-चार ठेवा. दुसरी, संच फोडू नका. स्क्विर्टल ठेवला की बल्बासॉर आणि चारमँडर हवेतच, कारण खेळाच्या सुरुवातीला या तिघांतूनच एक निवडायचा असतो. नवरा चारमँडर घेतो, बायको बल्बासॉर, आणि दोघं काउंटरवरच भांडतात. अशा भांडणात मी पडत नाही, फक्त दोन पिशव्या काढते.

आकाराचं म्हणाल तर लहानच. पोकेमॉन कंपनीने स्वतः २०१८ पासून तळहातावर बसतील एवढ्या टेडींची मालिका काढली, पहिल्या १५१ पोकेमॉनपासून सुरू करून. आपलं गिऱ्हाईक कुडाळहून रेल्वे पकडणार, नाहीतर गाडीच्या डिकीत आधीच आंबे आणि ओले कपडे. दीड फुटाचा स्नॉरलॅक्स फोटोला छान, पण तो माझ्याकडे दोन सीझन बसून होता आणि त्याच्याखाली माझे पैसे.

माल हातात घेऊन तपासा

फोटो बघून ऑर्डर देऊ नका. आधी एक नमुना मागवा आणि एवढं करा:

१. मोबाइलवर मूळ पात्राचं चित्र उघडा आणि शेजारी टेडी धरा. रंग, पट्टे, कान, शेपटी, दात. पुढून आणि मागूनही.

२. डोळे बघा. भरतकामाचे डोळे उत्तम. प्लॅस्टिकचे असतील तर नखाने जोरात ओढा. तुमच्या हातात येणार असेल तर मुलाच्याही येईल. खेळण्यांच्या तपासणीत एक छोटं नळकांडं वापरतात, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. सुटलेला तुकडा त्यात पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' असं लिहून टेडी सुरक्षित होत नाही, कारण मऊ वस्तू तान्हं मूलही कवटाळतं.

३. शिवण दोन्ही हातांनी ताणा. धाग्यांमधून आतलं भरण दिसलं तर नको.

४. पांढरा रुमाल ओला करून घासा. रंग उतरला तर नको. वास घ्या. रॉकेलसारखा, रबरासारखा उग्र वास आला तर नको.

५. लेबल वाचा. अस्सल पोकेमॉनच्या लेबलवर निन्टेंडो, क्रीचर्स आणि गेम फ्रीक या तिन्ही कंपन्यांची नावं कॉपीराइटच्या खुणेसोबत असतात. शिवाय उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी हवीच.

आयएसआय नाही, तर माल नाही

खूप जणांना हे माहीतच नसतं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. टेडीसुद्धा त्यात आला. खुणेच्या वर आयएस ९८७३ हा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव समोर येतं. एक मिनिटाचं काम.

आणि हा नियम फक्त कारखान्यांसाठी नाही. विकणारा आणि विकण्यासाठी साठवणाराही त्यात येतो. पहिल्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने देशभरातल्या मॉल आणि विमानतळांवरच्या दुकानांतून साडेअठरा हजारांहून जास्त खेळणी जप्त केल्याचं जाहीर केलं होतं. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकण्याची शिक्षा वेगळी: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. माझ्या माळ्यावरची पोती या दोन्ही कायद्यांत बसत होती!

"माझा भाऊ जपानला आहे, तो अस्सल माल पाठवेल." हेही ऐकते मी. स्वतःच्या मुलासाठी मागवा. पण आयएसआय मार्क नसेल तर अस्सल असूनही तो दुकानात विकता येत नाही. शिवाय खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणून माल घ्यायचा तो भारतातल्या परवानाधारक कंपनीचा किंवा तिच्या वितरकाचा. पहिल्या फोनला दोनच गोष्टी मागा: कंपनीकडचं लायसन्सचं पत्र आणि जीएसटीचं पक्कं बिल. "बिल कशाला मॅडम, स्वस्तात देतो ना," असं ऐकू आलं की फोन ठेवून द्या.

आता हिशेब

दुसऱ्या वर्षी मी फक्त ३० नग घेतले. एक नग ५२० रुपयांना, एकूण १५,६००. विक्री ७९९ ला. सीझन संपेपर्यंत २६ गेले, म्हणजे २०,७७४ रुपये आले. विकलेल्या २६ वर प्रत्येकी २७९ प्रमाणे ७,२५४ रुपये सुटले आणि चार नग शिल्लक राहिले.

बघा हं, आधीच्या खोट्या मालात १५० वर २०० सुटत होते, खरेदीच्या १३३ टक्के. इथे साधारण ५४ टक्केच. कागदावर खोटा माल जिंकतो. माझी बीबीएची वही त्यालाच हो म्हणाली होती. पण त्या वहीत परत आलेला नग, न विकलेली पोती, दंडाची भीती आणि त्या बाईने काउंटरवर ठेवलेला डोळा, यांचा रकाना नव्हता. आज त्या कोल्हापूरच्या मुलासारखं कुणी टेडी उलटा करून बघायला लागलं, की मी शांत बसते.

एक कोकणातली खास सूचना. आपल्याकडे पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात, गिऱ्हाईक जवळजवळ शून्य. टेडी म्हणजे दमट हवा पिऊन घेणारी वस्तू. म्हणून मी १५ एप्रिलनंतर नवी ऑर्डर देत नाही. उरलेले नग सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात जातात आणि ऑक्टोबरातच बाहेर येतात.

दुसऱ्याचं पात्र पुरे, आपलं काय?

"मॅडम, आम्ही बचत गटात पिकाचू शिवून विकू का?" नाही. हाताने शिवला तरी पात्र दुसऱ्याचंच. पण कासव कुणाच्या मालकीचं नाही, होडी नाही, बांगडाही नाही.

निन्टेंडो ही कंपनी १८८९ मध्ये क्योटोत सुरू झाली, तेव्हा ती हाताने बनवलेले हानाफुदा हे खेळायचे पत्ते विकायची. आपल्या सावंतवाडीत हाताने रंगवलेली गंजिफा आजही बनते आणि चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात. खेळण्यांची परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूटही आहे. मात्र नोंदणी आधी, शिवणकाम नंतर. माझ्याकडे आता पोकेमॉनच्या फळीखाली गावातल्याच एका ताईंनी शिवलेलं कापडी कासव असतं. डोळे भरतकामाचे, ही माझी एकमेव अट होती.

या आठवड्याचा गृहपाठ

माल नका उचलू. फक्त वही उघडा आणि तीन ओळी लिहा. माझ्या गावात लोक काय बघायला येतात? माझ्या काउंटरवर नावाने कुठलं पात्र विचारलं गेलं? आणि माझ्या दुकानातला टेडी मी माझ्या घरच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन स्वयंपाकघरात जाईन का?

तिसऱ्या ओळीचं उत्तर 'हो' आलं, की मग वितरकाला फोन करा.